व्यक्तिवर्णनपर बोलीशब्द, मराठीतील

माणसाचा स्वभाव, वर्तन, बुद्धी, शरीरयष्टी किंवा समाजातील स्थान यांचे एका शब्दात वा छोट्या पदबंधात वर्णन करणारे, बोलण्यात रूढ असलेले परंतु औपचारिक लेखनात सहसा न येणारे शब्द. उदा., चेंगट, चोंबडा, दीडशहाणा, घरकोंबडा, आतल्या गाठीचा, उंटावरचा शहाणा, पाप्याचे पितर. हे शब्द साध्या विशेषणांहून वेगळे असतात, कारण त्यांत वर्णनाबरोबर बोलणाऱ्याचा अभिप्रायही येतो. शिवीहूनही ते वेगळे होत. शिवीचा हेतू दुखविणे हा असतो व तिच्या शब्दार्थाला फारसे महत्त्व नसते. वर्णनशब्द मात्र त्या माणसाला खरोखर लागू पडावा लागतो. टोपणनाव एकाच व्यक्तीचे असते. वर्णनशब्द हा एका प्रकारच्या सर्व माणसांचा असतो.

या शब्दांचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील शब्द माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतात (ऐतखाऊ, चहाडखोर, रडतराव), तर दुसऱ्या वर्गातील शब्द त्याचा जन्म, जात, लिंग किंवा शारीरिक व्यंग यांवर आधारलेले असतात. चहाडखोराला चहाडी सोडता येते. जन्माने वा देहाने मिळालेली गोष्ट कोणालाही सोडता येत नाही. पहिला वर्ग म्हणजे समाजाने वर्तनासंबंधी दिलेला निवाडा होय, तर दुसरा वर्ग ही एका समूहाने दुसऱ्यावर लादलेली ओळख असते. मराठीतील या शब्दभांडाराचे मूल्यमापन करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

परंपरा : माणसांचे नमुने ओळखून त्यांना नावे देण्याची प्रवृत्ती मराठी वाङ्मयात जुनी आहे. पैठणच्या संत एकनाथांनी (सोळावे शतक) भारुडांतून मुका, बहिरा अशी पात्रे योजून त्यांच्या द्वारा आध्यात्मिक बोध केला. समर्थ रामदासांच्या दासबोधातील दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची व दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. तेथे मूर्खपणा मुख्यतः वागण्यावरून ठरविलेला आहे. ‘पढतमूर्ख’ हा शब्द आजही विद्वान परंतु व्यवहारशून्य वा आचरणहीन माणसासाठी सर्रास वापरला जातो.

रचना : असे शब्द घडविण्याचे काही ठराविक साचे मराठीत आहेत. ‘खाणारा’ या अर्थाच्या फार्सी ‘खोर’ प्रत्ययापासून भांडखोर, चहाडखोर, टवाळखोर, तर ‘बाज’ प्रत्ययापासून दगलबाज, कावेबाज असे शब्द बनतात. ‘ट’ने शेवट होणारे बावळट, तिरसट, हेकट, पोरकट हे शब्द स्वभावदोष दाखवितात. नाम व क्रियापद यांच्या संयोगाने लाळघोट्या, आगलाव्या, तोंडपुज्या, गळेपडू, पोटभरू, ऐतखाऊ असे नेमके शब्द तयार होतात. त्यांत एक संपूर्ण कृती सामावलेली असते. आदरार्थी ‘बा’, ‘राव’, ‘बाई’ हे शब्द उपरोधाने जोडून आयतोबा, बैलोबा, रडतराव, भित्री भागूबाई असे शब्द बनतात. षष्ठीच्या रूपांनी होणारे हलक्या कानाचा, आतल्या गाठीचा, कोत्या मनाचा, अकलेचा कांदा हे पदबंधही याच प्रकारात मोडतात.

प्रत्यय लावून माणसांचे प्रकार पाडण्याची ही पद्धत इतर भाषांतही दिसते. हाँगकाँग व दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनी भाषेत पुरुषासाठी ‘लोऊ’, पोरासाठी ‘जाय’, बाईसाठी ‘पो’ आणि भुतासाठी ‘ग्वाय’ हे शब्द जोडून अशीच नावे तयार करतात. कंजूष माणूस तेथे ‘गू-होन-ग्वाय’ होतो, म्हणजे त्याच्या नावाला भूत जोडले जाते; पाश्चात्त्य माणसाला ‘ग्वाय-लोऊ’ म्हणतात. चोंबड्या बाईला ‘बात-पो’ म्हणजे शब्दशः ‘आठ-बाई’ आणि फितुराला ‘यी-ङ-जाय’ म्हणजे ‘दोन-पाच-पोर’ अशी आकडेवजा नावेही तेथे रूढ आहेत. मराठीतील ‘चारसोवीस’शी त्यांचे साम्य उघड आहे.

मराठीचे एक खास साधन म्हणजे नपुंसकलिंग. ‘तो वेडा’ हे विधान सरळ आहे. ‘ते येडं’ असे म्हणताच त्यात तुच्छता किंवा माया मिसळते. बेणं, कार्टं, खुळं, शेंबडं, गुणाचं लेकरू या सर्वांत माणसाचा उल्लेख नपुंसकलिंगात होतो. रागावलेला बाप व कौतुक करणारी आजी एकाच मुलाला ‘कार्टं’ म्हणू शकतात. भेद फक्त स्वराचा असतो. ज्या भाषांत नपुंसकलिंग नाही, त्यांना ही छटा अन्य मार्गांनी साधावी लागते.

उगमक्षेत्रे : (१) शेती व जनावरे : ग्रामीण मराठीतील पुष्कळ वर्णनशब्द गोठ्यातून व शिवारातून आले आहेत. दुसऱ्याच्या पिकात शिरणारे जनावर ‘ओढाळ’. त्यावरून घरी न टिकणाऱ्या माणसालाही तेच नाव मिळाले. नुसताच मान डोलविणारा तो ‘नंदीबैल’, कामाच्या वेळी अंग काढून घेणारा तो ‘चुकारतट्टू’, एकदा चिकटला की न सुटणारा तो ‘गोचीड’ आणि नावापुरता उभा केलेला अधिकारी म्हणजे ‘बुजगावणे’. लावणीसाठी राखून ठेवलेल्या उसाच्या कांड्यांना वा कंदांना ‘बेणे’ म्हणतात. माणसाच्या बाबतीत ‘हे बेणं’ असे म्हणताना त्याच्या मूळच्याच खोडकरपणाकडे निर्देश असतो. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो म्हणून लवकर चिडणाऱ्या मुलाला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात. ‘अजागळ’ हा शब्द संस्कृत ‘अजागलस्तन’ यावरून आला. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या आचळांसारखा निरुपयोगी, असा त्याचा मूळ भाव होय.

(२) पुराणे व इतिहास : झोपाळू तो कुंभकर्ण, कपटी सल्लागार तो शकुनी, रागीट तो जमदग्नी, भांडण लावणारा तो नारद. बळीच्या दानात विघ्न आणण्यासाठी शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरले, या कथेवरून चांगल्या कामात आडून अडथळा आणणाऱ्याला ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणतात. अंगावर दागिना नसलेली स्त्री ‘लंकेची पार्वती’ होते. पेशवाईतील सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर व नाना फडणीस हे ‘साडेतीन शहाणे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. नाना मुत्सद्दी असले तरी लढवय्ये नव्हते, म्हणून त्यांना अर्धे मानले, असे सांगतात. त्याउलट ‘दीडशहाणा’ म्हणजे गरजेपेक्षा अर्ध्याने अधिक शहाणा, अर्थात मूर्ख.

(३) नाणी, वजने व आकडे : रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पूर्ण खरा माणूस ‘सोळा आणे’ ठरे, डोक्याने थोडा कमी असलेल्याची ‘एक पावली कमी’ असे आणि क्षुद्र माणूस ‘दीडदमडीचा’ असे. शेराचा सोळावा भाग असलेल्या छटाकावरून लहानखुऱ्या माणसाला ‘छटाकभर’ म्हणत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली, नंतर मेट्रिक वजने आली आणि पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाले. तरी हे शब्द बोलण्यात टिकून आहेत. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) फसवणुकीसंबंधीच्या ४२० या कलमावरून ठकास ‘चारसोवीस’ म्हणू लागले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली व फसवणुकीचा गुन्हा ३१८ या कलमात गेला. परंतु बोलीतील ‘चारसोवीस’ बदललेला नाही. ज्या वस्तूवरून शब्द निघाला ती नाहीशी झाली, तरी शब्द स्वतंत्रपणे जगतो, हे या गटावरून स्पष्ट होते.

(४) शाळा, रंगभूमी व साहित्य : अभ्यासात मंद असलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत ‘ढ’ या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून जागचा न हलणारा तो ‘ढ’, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला या नाटकातील पात्रावरून दारुड्यास ‘तळीराम’ हे नाव पडले. आचार्य अत्रे यांच्या तो मी नव्हेच (१९६२) या नाटकामुळे ‘लखोबा लोखंडे’ हे नाव बहुरूपी ठकाचे वाचक झाले. अरबी ‘वली’ म्हणजे सत्पुरुष. मराठीत त्याचा ‘वल्ली’ झाला व अर्थ ‘तऱ्हेवाईक परंतु लोभस माणूस’ असा बदलला. पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ति आणि वल्ली (१९६२) या पुस्तकाने या शब्दाला कायमची प्रतिष्ठा दिली.

मराठवाड्यातील स्थिती : परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर व त्याच्या आसपासचा गोदावरीच्या खोऱ्यातील प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. या इतिहासामुळे येथील मराठीचा उर्दू व दखनी बोलींशी दीर्घकाळ निकट संबंध राहिला. मराठीत सर्वत्र रूढ असलेले बेइमान, नमकहराम, चुगलखोर, बदमाश, मिजासखोर, दिलदार हे फार्सी-अरबी वळणाचे शब्द येथे घरगुती बोलण्यातही सहज येतात. सैतान या अर्थाचा अरबी ‘इब्लिस’ हा शब्द येथे व अन्यत्रही खोडकर माणसाला उद्देशून वापरतात. मूळच्या भयंकर अर्थाची धार त्यात फारशी उरलेली नाही. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोशाच्या द्वारा कारभारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. माणसांना नावे ठेवणारे फार्सी शब्द मात्र तसेच राहिले, कारण ते दरबाराचे नव्हते, पारावरचे होते.

या भागातील बोलीत इतर अनेक ग्रामीण बोलींप्रमाणे शब्दारंभीच्या ‘वे’चा ‘ये’ व ‘वि’चा ‘इ’ होतो. त्यामुळे वेडा–येडा, विहीर–इहीर अशी रूपे ऐकू येतात. येडं, आगाव, उंडगं, बेरकी हे शब्द येथे नित्याचे आहेत. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. सावकारी, वाटणी, लग्नसंबंध, पाण्याची पाळी यांत कोणावर विश्वास टाकावा, हा रोजचा प्रश्न असतो. ‘तो बेरकी आहे’ किंवा ‘तो हलक्या कानाचा आहे’ एवढे सांगितले, की ऐकणाऱ्याला कसे वागावे ते कळते. वर्णनशब्द हा अशा समाजातील अल्पाक्षरी दाखलाच होय. म्हणूनच तो चुकीचा लागला, तर त्या माणसाचे नुकसानही मोठे होते. कारण गावात पडलेले नाव पुसून टाकणे कठीण असते. काळे, गोरे, टकले, बोबडे, बहिरट, आगलावे यांसारखी मराठी आडनावे अशाच वर्णनशब्दांशी जुळतात. मूळ माणसाचा गुण वा दोष विसरला गेला, तरी नाव पिढ्यान्‌पिढ्या चालते.

अर्थाचे परिवर्तन : हे शब्द अर्थदृष्ट्या स्थिर नसतात. चांगल्या शब्दाला हीन अर्थ येण्याची उदाहरणे फार जुनी आहेत. ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची उपाधी पुढे संस्कृत वैयाकरणांनी ‘मूर्ख’ या अर्थी नोंदविली. अशोकाच्या शिलालेखांतील ‘पाषंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. आजचा ‘पाखंडी’ मात्र ढोंगी वा धर्मद्वेष्टा होय. ‘लुच्चा’ या शब्दाचा संबंध केशलोच केलेल्या ‘लुंचित’ साधूशी जोडतात. तिन्ही ठिकाणी एका संप्रदायाचा आदरणीय शब्द दुसऱ्याच्या तोंडी निंदेचा झाला.

नातेवाचक शब्दांचेही असेच झाले आहे. ‘दादा’ हा थोरला भाऊ, पण वस्तीतील ‘दादा’ म्हणजे दहशत बसविणारा. ‘भाई’चीही मुंबईत तीच गत झाली. ‘मामा’ म्हणजे हवालदार, आणि ‘मामा बनविणे’ म्हणजे फसविणे. ‘बुवा’ हा पूज्य, पण ‘भोंदू बुवा’ मुळीच नव्हे. याच्या उलट ‘इब्लिस’, ‘येडं’, ‘बेणं’ हे निंदेचे शब्द सलगीत प्रेमाचे होतात. मित्राला ‘येड्या’ म्हणता येते. तोच शब्द परक्याला, वडीलधाऱ्याला किंवा खरोखर मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उद्देशून वापरला, तर तो अपमान ठरतो. अर्थात या शब्दांचा अर्थ कोशात अर्धाच सापडतो. कोण, कोणाला व कोणासमोर बोलतो, यावर उरलेला अर्धा अवलंबून असतो.

जन्मवाचक शब्द : जात, जमात, स्त्रीत्व व व्यंग यांवरून आलेले शब्द वेगळ्या विचारास पात्र आहेत. ‘भामटा’ हा शब्द आज ठक या अर्थी वापरला जातो. त्याच वेळी तो महाराष्ट्रातील एका विमुक्त जमातीच्या नावाचाही भाग आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु भाषेतील शिक्का राहिला. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांनी उचल्या (१९८७) या आत्मकथनाला हेतुतः आपल्या जमातीवर मारलेल्या शिक्क्याचेच नाव दिले; त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शरणकुमार लिंबाळे यांचे अक्करमाशी (१९८४) हे शीर्षकही असेच आहे. बारा माशांचा एक तोळा होतो. त्यात एक मासा कमी, म्हणजे अकरा माशांचा, तो ‘अक्करमाशी’. विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या मुलाला हा शब्द लावीत. ‘पावली कमी’ व ‘अक्करमाशी’ हे दोन्ही शब्द एकाच तराजूतून आलेले आहेत. पहिला थट्टेवारी नेता येतो, दुसरा मात्र निरपराध माणसाला त्याच्या जन्मासाठी शिक्षा करतो.

स्त्रियांसाठी असलेल्या शब्दांत हा अन्याय अधिक स्पष्ट दिसतो. पुरुषाचे ‘फटकळ’ असणे स्पष्टवक्तेपणात जमा होते. तशाच स्त्रीला कजाग, त्राटिका, कैदाशीण म्हणतात. नवजात बालकाचे भाग्य लिहिणाऱ्या सटवाईच्या नावापासून ‘सटवी’ ही शिवी झाली. ‘पांढऱ्या पायाची’ या पदबंधात तर कोणत्याही वर्तनाचा आरोपच नाही. सासरी आलेल्या संकटाचा दोष तेवढा नव्या सुनेवर टाकलेला आहे. वैधव्य व अपत्यहीनता यांवरून बनलेले शब्दही असेच दैवाच्या आघाताला दोषाचे रूप देतात.

कायद्याने या क्षेत्रात काही मर्यादा घातल्या आहेत. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियमान्वये (१९८९) त्या समाजांतील व्यक्तीला जाहीर ठिकाणी जातिवाचक शब्दांनी अपमानित करणे हा गुन्हा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही (२०१६) दिव्यांग व्यक्तीचा जाहीरपणे हेतुतः अपमान करणे शिक्षापात्र ठरविले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला.

कोशांतील नोंद : मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते व कर्वे यांनी संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) यांत बोलीतील अशा अनेक शब्दांची नोंद आहे. त्याच संपादकांच्या महाराष्ट्र वाक्‌संप्रदाय कोशात (१९४२, १९४७) पदबंध व संप्रदाय यांचा मोठा संग्रह आहे. कामाठीपुऱ्यातील बोली नामदेव ढसाळ यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहामुळे काव्यात आली. मुंबईच्या रस्त्यावरील मवाली, टपोरी, पकाऊ, खडूस हे शब्द चित्रपटांच्या द्वारा सर्व महाराष्ट्रात पसरले असून खेड्यांतील तरुणांच्या तोंडीही ते ऐकू येतात. त्यांच्या तुलनेने ओढाळ, चुकारतट्टू, शेंदाड शिपाई हे शब्द मागे पडत आहेत. कारण ज्या गोठ्याचा व मळ्याचा अनुभव त्यांच्यामागे होता, तोच विरळ होत चालला आहे.

कोशकाराने दोन्ही वर्गांतील शब्द नोंदविणे आवश्यक असते. दुखविणारा शब्द गाळल्याने त्यामागील इतिहास नाहीसा होत नाही, तो केवळ अदृश्य होतो. परंतु नोंद करताना शब्दाचा उगम, तो कोणी कोणाला उद्देशून वापरला व आज तो कोणास लागतो, हे सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आळस, चहाडी, लाचारी, कंजूषपणा व पोकळ शहाणपण यांना मराठीने दिलेली नावे अचूक, विनोदी व पुष्कळ आहेत. कोणाच्याही जन्माला वा देहाला हात न लावता माणसाची उणीव दाखविण्याचे सामर्थ्य या भाषेत पुरेपूर आहे, हे या शब्दभांडारावरूनच सिद्ध होते.